बारा खळगे

लाकूड सागाचं नव्हतं.
वागळे इस्टेटमधल्या बंद पडलेल्या कंपनीच्या
पॅकिंगच्या खोक्याची फळी होती ती,
तिच्यावर अर्धा बाण अजून शिल्लक होता: ही बाजू वर.
रंधा मारला, बारा खळगे पाडले,
प्रत्येक खळगा एका स्क्रूपुरता.
बत्तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला
हे काही फार नाही.

हेमांगी भोईर, वय बावीस, घणसोली.
फॉर्मवर टक्केवारीचा रकाना असतो,
मार्कांचा नाही, कमतरतेचा.
सिव्हिल हॉस्पिटलच्या शिक्क्याखाली लिहिलंय: पासष्ट.
"शाळेत कधी पस्तीसच्या वर गेली नाही,"
तिची आई म्हणाली, "इथं मात्र फर्स्ट क्लास."
मला हसावं की नाही कळेना.
तेव्हा तीच म्हणाली, "हसा हो मास्तर,
आम्ही घरी हसतोच."

तीनपर्यंत मोजते. चारपाशी थबकते,
गल्लीच्या तोंडाशी कुत्रं बसलेलं असावं तशी.
दोन महिने मी तिला त्या कुत्र्यापलीकडे न्यायला बघत होतो,
मणी झाले, बिस्किटं झाली,
एकदा तर मी ओरडलोसुद्धा.
त्या रात्री जेवताना ध्यानात आलं,
मोजता तिला कशाला यायला हवं,
फळीला आलं की झालं.

एक खळगा, एक स्क्रू.
सगळे भरले की पिशवीत.
रिकामा दिसला तर थांब.

बसचंही तसंच केलं.
पुठ्ठ्याच्या एका अंगाला मराठी आकडे, दुसऱ्या अंगाला इंग्रजी.
स्टॉपवर ती पुठ्ठा छातीशी धरून उभी राहते,
येणाऱ्या प्रत्येक बसचं कपाळ तपासते.
आता ड्रायव्हरच लांबून पुठ्ठा वाचतात
आणि आपली नसेल तर मान हलवतात.

रबाळ्याच्या एमआयडीसीत बिजागऱ्यांचं युनिट.
छेडाशेठ हिशोबाला पक्का.
"दया म्हणून नाही ठेवणार हां,
पाकीट कमी भरलं तर माझा माल परत येतो."
म्हटलं, आठवडाभर स्वतः मोजा.
त्यानं मोजली. हेमांगीची सगळी बारा.
शेजारच्या टेबलावरच्या बी.कॉम. पोराची
अकरा, बारा, तेरा,
मोबाइल वाजेल तशी.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी
पाकीट दहाचं झालं.
मला कोणी कळवलं नाही.
सुपरवायझर तिला नुसतं म्हणाला, "आजपासून दहा,"
जसं कुणालाही म्हणतात.
(ही खरं तर चांगली गोष्ट.
तेव्हा मात्र मी त्याला शिव्या घातल्या.)

फोन आला तसा नवी फळी कापली,
दहा खळगे, घाईत पाडलेले, कडा बोचणाऱ्या,
आणि निघालो. रिक्षा कळव्याच्या पुलावर अडकली.
सबंध वाटेत मला दिसत होती
दोन रिकाम्या खळग्यांपुढे थांबून राहिलेली ती.
थांब, असं मीच शिकवलं होतं.

पोचलो तर ती पाकिटं भरत होती.
फळी तीच, जुनी.
टोकाचे दोन खळगे बुजवलेले,
तांदळाच्या भाकरीचा लगदा करून
बोटानं सपाट दाबून.
नमुन्याचं पाकीट तिनं फळीवर मांडून बघितलं म्हणे,
उरलेल्या दोन भोकांकडे बराच वेळ पाहत राहिली,
मग डबा उघडला.

"उपाशी राहशील की," मी म्हटलं,
दुसरं काही सुचलंच नाही.
"दोनच घास," ती म्हणाली
आणि मला बाजूला सरकायला सांगितलं,
उजेड अडत होता.

वहीत अजून अठरा नावं आहेत.
छेडाशेठ म्हणतो, बघू.
नवी फळी माझ्याकडेच राहिली.
तिच्यात मी रक्तदाबाच्या गोळ्या ठेवतो, दहा दिवसांच्या.
हल्ली सकाळची घेतली की नाही आठवत नाही,
मग खळगा बघतो.